‘तिनंच घेतलेत’ म्हणण्याआधी

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून मजकूर थोडक्यात सांगते. त्या गावातल्या बचत गटाच्या सचिव आहेत. गटात 14 जणी, काही मराठी, काही कन्नड. हप्ते गोळा करून बँकेत भरायचं काम त्यातल्या एकीकडे आहे. गेल्या दोन महिन्यांच्या हिशेबात 6,200 रुपये कमी येतायत, आणि कुजबुज सुरू झालीय: “तिनंच घेतलेत की! दुसरं कोण घेणार? पोराच्या हातात नवा मोबाइल बघितला नाही काय?” येत्या गुरुवारच्या बैठकीत सचिव म्हणून ताईंना बोलायचंय. घरी कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, “आई, कुणाला जज करायचं नसतं.” ताई स्वतः बेळगावात बी.ए.ला तत्त्वज्ञान घेऊन शिकलेल्या. जुनी वही काढून बसल्या, तर एके ठिकाणी लिहिलंय की निर्णय म्हणजे दोन कल्पना जोडणं, दुसरीकडे लिहिलंय की निर्णय म्हणजे मनाने दिलेली संमती, आणि तिसरीकडे जर्मन तत्त्वज्ञ कांटचा निर्णयाच्या 12 प्रकारांचा तक्ता. त्या विचारतात, “यातलं खरं काय? आणि यातलं काही मला गुरुवारी उपयोगी पडेल, की हे सगळं परीक्षेपुरतंच होतं?”

ताई, उपयोगी पडेल, आणि अगदी गुरुवारीच पडेल.

आधी वहीतला घोळ सोडवू. ‘दोन कल्पना जोडणं’ हे मुळात अ‍ॅरिस्टॉटलकडून आलंय. नुसतं ‘ती’ म्हटलं किंवा नुसतं ‘पैसे घेणं’ म्हटलं तर त्यात खरं-खोटं ठरवण्यासारखं काही नसतं. एक दुसऱ्याला जोडलं, किंवा एकापासून दुसरं तोडलं, की मग तो प्रश्न उभा राहतो. सगळ्याच वाक्यांना तो लागू होत नाही हेही त्याने सांगून ठेवलंय. प्रार्थना हे वाक्यच, पण ती खरीही नसते आणि खोटीही नसते. पुढे 1662 मध्ये आर्नो आणि निकोल या दोघा फ्रेंच लेखकांनी ‘पोर-रोयालचं तर्कशास्त्र’ म्हणून ओळखलं जाणारं पुस्तक लिहिलं, त्यात मनाची चार कामं ओळीने लावली: कल्पना, निर्णय, अनुमान आणि मांडणी. तुमच्या वहीतली पहिली व्याख्या बहुधा याच वाटेने आलीय.

पण ती अपुरी आहे. ‘तिने पैसे घेतले’ यात जे जोडलंय, तेच ‘तिने पैसे घेतले का?’ यातही जोडलंय. पहिल्यात आरोप आहे, दुसऱ्यात नुसती विचारणा. जोडणी तीच असून एवढा फरक पडतो, म्हणजे निर्णयात जोडणीखेरीज आणखी काहीतरी असणारच. ते काहीतरी म्हणजे संमती. तुमच्या वहीतली दुसरी व्याख्या.

प्राचीन ग्रीसमधल्या स्टोइक या तत्त्वज्ञ पंथाचा संस्थापक झीनो हे हाताने करून दाखवायचा, असं रोमन लेखक सिसेरोने लिहून ठेवलंय. उघडा तळहात पुढे धरायचा: हा मनावर उमटलेला ठसा. बोटं जराशी मुडपायची: ही संमती. मूठ वळायची: हे आकलन. मग दुसऱ्या हाताने ती मूठ घट्ट आवळायची: हे ज्ञान, आणि ते फक्त शहाण्या माणसापाशी असतं. एकदा स्वतःचा हात पुढे धरून हे करून बघा. तुमच्या गटात आत्ता ठसा उमटलाय आणि बायका एकदम मुठीवर गेल्यात. मधे बोटं मुडपायची पायरी होती. ‘हे मान्य करू की नको’ असं माणूस तिथे स्वतःला विचारू शकतो. ती कुणी घेतलीच नाही.

जर्मन गणिती गोटलोब फ्रेगेने 1879 मध्ये या पायरीला चक्क चिन्ह दिलं. विचारातल्या मजकुरासाठी एक आडवी रेघ, आणि ‘हा मजकूर खरा आहे असं मी म्हणतो’ हे दाखवायला तिच्या डाव्या टोकाशी एक उभी रेघ. उभी रेघ नसेल तर विचार नुसता समोर ठेवलाय, त्याची जबाबदारी कुणी घेतलेली नाही. पुढे 1918 मध्ये त्याने तीन गोष्टी सुट्या करून सांगितल्या: विचार समजणं, तो खरा म्हणून मान्य करणं, आणि ती मान्यता बोलून दाखवणं. यातली मधली गोष्ट म्हणजे निर्णय. प्रश्न विचारतो तेव्हा आपण पहिल्या पायरीवर असतो. विचार पुरता कळलेला असतो, तरी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं बाकी असतं. निर्णयाच्या सगळ्या इतिहासात मला ही सर्वांत कामाची गोष्ट वाटते. मोबाइलवर मजकूर पुढे ढकलताना लोक लिहितात ना, ‘खरं-खोटं माहीत नाही, आलं तसं पाठवलंय’? त्यांनी उभी रेघ पुसलेली असते, पण वाचणारा ती स्वतःच ओढून घेतो. कुजबुजही अशीच पसरते. ‘म्हणे’ हा शब्द लावून एकीने सांगितलेलं तिसरीपर्यंत पोचतं तेव्हा त्यातलं ‘म्हणे’ गळून गेलेलं असतं.

असं का होतं, यावर दोन मोठ्या माणसांचा वाद आहे आणि तो तुम्हाला गुरुवारी उपयोगी पडेल. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1641 मध्ये मांडलं की माणसाची समज मर्यादित असते, पण ‘हो’ म्हणायची इच्छाशक्ती अमर्याद. इच्छा समजेच्या पुढे धावली की चूक होते. म्हणून जिथे स्वच्छ दिसत नाही तिथे संमती रोखून धरावी. त्याच शतकातल्या डच तत्त्वज्ञ स्पिनोझाला हे पटलं नाही. कल्पना मनात येणं वेगळं आणि तिला होकार देणं वेगळं, असं काही नसतंच म्हणाला. एखाद्या पोराच्या मनात पंखांचा घोडा आला आणि त्याला खोडणारं दुसरं काही त्याच्या मनात नसलं, तर ते पोर घोडा समोरच आहे असं धरून चालेल. मन कसं चालतं याबद्दल स्पिनोझाचं खरं आणि ते कसं चालवावं याबद्दल देकार्तचं, असं माझं मत. त्यातून तुमच्यासाठी निघतं ते असं: “बायांनो, विश्वास ठेवू नका” एवढं सांगून काही होणार नाही. ‘तिने घेतले’ या चित्राशेजारी दुसरी चित्रं ठेवावी लागतील. एखाद्या आठवड्याची भरण्याची नोंद राहिली असेल. बँकेने काही आकार कापला असेल. कुणाचा हप्ता कार्डावर चढला असेल, पण पैसे ‘पुढच्या आठवड्यात देते’ म्हणून राहिले असतील. रक्कम दुसऱ्याच खात्यात जमा झाली असेल. ही सगळी बैठकीत मोठ्याने बोलून दाखवा. पंखांचा घोडा तेव्हाच डळमळतो.

आता आपल्या इकडचं. तुमच्या वहीत हे नसेल, आणि नसलं तर मला त्याचं वाईट वाटतं, कारण न्यायदर्शनाइतका, म्हणजे नीट विचार कसा करावा हे शिकवणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनाइतका, या विषयाला थेट हात क्वचितच कुणी घातला असेल. गौतमाच्या न्यायसूत्रांत 16 पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगितलेत, त्यात संशय आहे, तर्क आहे आणि निर्णयही आहे. निर्णयाचं सूत्र असं: ‘विमृश्य पक्षप्रतिपक्षाभ्यामर्थावधारणं निर्णयः’. दोन्ही बाजू घेऊन, विचार करून, वस्तू काय आहे ते नक्की करणं म्हणजे निर्णय. यात संशयाला हाकलून दिलेलं नाही. दिवेलागणीला लांबवर काहीतरी उभं दिसतं. खुंट आहे की माणूस? हे न्यायपरंपरेतलं नेहमीचं उदाहरण. हात-पाय दिसले तर माणूस, ढोली किंवा वाकडेपणा दिसला तर खुंट. म्हणजे संशय फिटतो तो फरक दाखवणारी खूण सापडल्यावर. नुसतं ‘उभं आहे’ एवढं धरून बसलं तर रात्रभर बसावं लागेल, कारण उभेपणा दोघांतही असतो.

नवा मोबाइल ही तशीच खूण आहे, ताई. पैसे घेतलेल्या घरात नवा मोबाइल दिसू शकतो, न घेतलेल्या घरातही दिसू शकतो. मुलाला पगार झाला असेल, मामाने दिला असेल, हप्त्यांवर घेतला असेल. न्यायात अशा हेतूला, म्हणजे पुरावा म्हणून दिलेल्या कारणाला, सव्यभिचार म्हणतात: जे सिद्ध करायचं ते असतानाही तो असतो आणि नसतानाही असतो. धुरावरून अग्नी ओळखता येतो, कारण अग्नी नसताना धूर नसतो. उलट अग्नीवरून धूर ओळखायला गेलं की फसगत, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर मुळीच नसतो. गटातल्या बायकांना सव्यभिचार वगैरे सांगायची गरज नाही. “गावात या वर्षात नवा मोबाइल किती घरांत आला?” एवढं विचारा, तेवढ्यात काम होईल.

मीमांसकांचं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनातल्या पंडितांचं, एक म्हणणंही जवळ ठेवा. ज्ञान आपापलं प्रमाण असतं, बाधक काही पुढे आलं तरच ते सोडायचं, अशी त्यांची भूमिका. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतात, ज्ञान बरोबर की चूक हे बाहेरून तपासावं लागतं. दोघांचा वाद शतकानुशतकं चालला. पण ज्ञान कशाने बाधित होतं याची मीमांसकांची यादी छोटी आणि फार उपयोगी आहे: एक, त्याच्या विरुद्ध जाणारं दुसरं ज्ञान, आणि दोन, ते जिथून आलं तिथेच दोष असणं. ही कुजबुज पहिल्यांदा कुणाकडून आली? तिचं आणि भरणा करणाऱ्या बाईंचं आधीचं काही आहे का? हे बैठकीत विचारू नका, तुमच्यापुरतं तपासा.

आणि आता जे सांगते ते मला सर्वांत जवळचं आहे, कारण ते आपल्याच राज्यात लिहिलं गेलं. आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण ही चालुक्यांची कल्याणी. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे 1076 ते 1126 या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृती या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथावर मिताक्षरा ही टीका, म्हणजे भाष्य, लिहिली. वारसाहक्काच्या खटल्यांत तिचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं. तिच्यात खटल्याचे चार पाय सांगितलेत: भाषा म्हणजे तक्रार, उत्तर, क्रिया म्हणजे पुरावा, आणि शेवटी साध्यसिद्धी, म्हणजे जे म्हटलं ते सिद्ध झालं की नाही याचा निकाल. तीन पाय टेकल्याशिवाय चौथा टेकत नाही. त्याआधी मूळ स्मृतीतच एक ओळ आहे: ‘प्रत्यर्थिनोऽग्रतो लेख्यं यथावेदितमर्थिना’. तक्रारदाराने जसं सांगितलं तसं, समोरच्या पक्षाच्या देखत लिहून घ्यावं. पुढच्या श्लोकात उलट बाजू: उत्तरही तक्रारदाराच्या समोर लिहावं. तुमच्या गटात सध्या तक्रार आहे, पण तिच्या माघारी. पुरावा म्हणून मोबाइल आहे. उत्तर कुणी विचारलेलंच नाही आणि निकाल मात्र लागून गेलाय.

कांटच्या तक्त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. 1781 च्या ग्रंथातल्या त्या 12 प्रकारांतले शेवटचे तीन लक्षात ठेवा, बाकीचे या कामापुरते सोडून द्या. ‘घेतले असतील’, ‘घेतलेत’, आणि ‘घेतलेच असणार, दुसरं शक्यच नाही’. गटातल्या बायकांचं बोलणं ऐका, त्या पहिल्यावरून तिसऱ्यावर एका दमात जातात आणि मधे नवं काहीच सापडलेलं नसतं.

पण कांटने त्याच ग्रंथात आणखी एक सांगितलंय, ते तक्त्यापेक्षा मोलाचं. नियम शिकवता येतात. समोरची गोष्ट त्या नियमात बसते की नाही हे ओळखण्यासाठी मात्र नियम देता येत नाही. दिला, तर तो कसा लावायचा हे सांगायला आणखी एक नियम लागेल, आणि याला अंत नाही. वैद्य, न्यायाधीश किंवा राज्यकर्ता यांच्या डोक्यात उत्तम नियम भरलेले असूनही लावताना ते चुकू शकतात, असं तो लिहितो. ही ताकद सरावाने येते. उदाहरणांना तो या सरावाचा पांगुळगाडा म्हणतो. म्हणून मी तुम्हाला इथे सूत्रं सांगितली तरी गुरुवारी समोर बसलेल्या बाईंचा चेहरा, त्यांचं उत्तर, त्यांच्या वहीतली खाडाखोड हे तुम्हालाच बघायचंय. ते माझ्याकडून किंवा कांटकडून होणार नाही. 1790 च्या ग्रंथात त्याने त्यासाठी एक आधार दिलाय: स्वतःच्या डोक्याने विचार करा, मग इतर प्रत्येकाच्या जागी बसून विचार करा, आणि दोन्हीत सुसंगत राहा. ‘प्रत्येकाच्या जागी’ यात ज्यांचे कष्टाचे पैसे अडकलेत त्याही आल्या, फक्त आरोप झालेल्या बाई नव्हेत.

तुमच्या मुलीचं म्हणणं मी शेवटाकडे ठेवलं, कारण ते खोडून काढायचं नाहीये, नीट लावायचंय. ‘तिने या दोन महिन्यांत 6,200 रुपये कमी भरले’, ‘ते तिने स्वतःसाठी ठेवले’, आणि ‘ती चोर आहे’ ही तीन वेगळी विधानं आहेत. पहिलं बँकेच्या उताऱ्याने ठरेल. दुसऱ्याला आणखी पुरावा लागेल. तिसरं माणसाच्या अख्ख्या आयुष्याबद्दल आहे, आणि ते ठरवायचा अधिकार बचत गटाला नाही. मुलगी ज्याला ‘जज करणं’ म्हणते ते हे तिसरं. तिथे तिचं ऐका. पण पहिल्या दोन ठिकाणी गप्प राहिलात, तर गावाने आधीच लावलेला निकाल तुमच्या गप्प बसण्याने पक्का होईल.

निर्णय लांबणीवर टाकावा असं सांगणारेही मोठे होते. ग्रीक संशयवादी म्हणत की दोन्ही बाजू तुल्यबळ असतील तर निर्णय थांबवा, मन शांत होतं. आपण सीमाभागातली माणसं निकाल न लागलेल्या गोष्टीसोबत राहायला शिकलोय. सीमावादाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि लोकांची पेरणी, लग्नं, शाळा त्यासाठी थांबलेल्या नाहीत. पण 14 बायकांच्या गटाला तसं चालणार नाही. ज्या बाईवर संशय आहे ती रोज त्याच गल्लीतून पाण्याला जाते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने तर निर्णय हा शब्द याच जागेसाठी राखून ठेवला. जिथे पक्कं ज्ञान मिळत नाही आणि शक्यतेच्या संधिप्रकाशात चालावं लागतं, तिथे माणसाला निर्णयशक्ती कामी येते, असं त्याचं म्हणणं. पूर्ण उजेडाची वाट बघायची नाही, पण जेवढा आहे तेवढा डोळे उघडे ठेवून वापरायचा.

तेव्हा बुधवारी बँकेत जा, आणि त्या बाईंना सोबत घेऊन जा. पासबुक छापून घ्या, दोन महिन्यांचा खातेउतारा मागा, भरणा स्लिपांची आपल्याकडची बाजू त्यांच्याकडून घ्या. घरी येऊन तीन गोष्टी ओळीने लावा: सदस्यांची कार्डं, वसुलीची वही, बँकेचा उतारा. कुठल्या आठवड्यात फरक पडतो ते त्यात दिसेल. एकूण 6,200 ऐवजी ‘अमुक तारखेचे इतके’ असं म्हणता आलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

गुरुवारी आरोपाऐवजी प्रश्न वाचा: “अमुक तारखेचे इतके रुपये खात्यात दिसत नाहीत. ते कुठे आहेत?” त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत, सगळ्यांच्या देखत लिहून घ्या. मग कागद दाखवा. ठराव मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत लिहा, आणि सही करण्याआधी दोन्ही मोठ्याने वाचून दाखवा. हिशेब लागला नाही, तर ‘अजून लागलेला नाही’ असंच लिहा आणि पुढची तारीख घाला. पैसे त्यांच्याकडेच राहिले होते असं निघालं, तर रक्कम आणि परतफेडीची मुदत लिहा, ‘चोरी’ हा शब्द वहीत येऊ देऊ नका. काही निघालं नाही, तर तेही तितक्याच मोठ्याने वाचा, कारण कुजबुज करणाऱ्यांच्या कानावर ते त्याच बैठकीत पडायला हवं. आणि पुढच्या महिन्यापासून भरणा करायला दोघींनी मिळून जावं असा ठराव याच बैठकीत करून घ्या, पैसे सापडोत की न सापडोत.